गुरुवारी लाईट नसते

ज्या दिवशी आमच्या भागात लाईट नसायची, त्याच दिवशी माझा भाऊ शॉक लागून गेला.

आज त्याची तारीख. एरवी मी या दिवशी काही लिहीत नाही. आज लिहिते आहे.

अण्णा माझा मोठा भाऊ. डिप्लोमा करून पिंपरीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागला. वडील आधीच गेलेले. चिंचवड गावठाणातल्या कौलारू घरात आई, मी आणि तो. घर चालायचं ते त्याच्या पगारावर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बी.ए. झाले होते.

कंपन्यांची सुट्टी तेव्हा गुरुवारी. लाइनची कामंही मग त्याच दिवशी काढायचे; सकाळी लाईट जायची ती संध्याकाळी यायची. पिठाची गिरणी बंद, रेडिओ बंद, पंखे बंद.

त्याची इतकी सवय झाली होती की लोक घरातली विजेची कामं गुरुवारसाठी राखून ठेवायचे. मेन स्विच कशाला बंद करायचा, लाईटच नाही.

आणि एका खोलीतल्या बल्बचं बटण चालू ठेवायचं, ही घरोघरची पद्धत. लाईट आली की बल्ब लागतो, सगळ्यांना कळतं.

बल्ब लागायचा, तर मेन चालूच हवा.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

आईचे गुडघे गेले होते. खाली बसून स्वयंपाक होईना. अण्णाने ठरवलं, उभ्याने करायचा ओटा बांधायचा. मागची भिंत पाडून स्वयंपाकघर थोडं वाढवलं. चिखलीचे एक गवंडी होते, आम्ही त्यांना महादूमामा म्हणायचो. नव्या गिलाव्यावर ते रोज पाणी मारायचे. भिंत ओली, फरशी ओली.

वायरिंग नव्या भिंतीवर घ्यायचं राहिलं होतं. अण्णा म्हणाला, गुरुवारी मीच करतो.

कंपनीत तो फार कडक होता. कुणी पॅनेलवर काम करत असेल तर मेन खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. टेस्टर लावल्याशिवाय वायरीला बोट लावू द्यायचा नाही. यावरून एकाला त्याने भर शिफ्टमधून घरी पाठवलं होतं.

त्या गुरुवारी टेस्टर कंपनीच्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट खुंटीवर.

महादूमामा त्याच्या पायांकडे बघून म्हणाले, "सायेब, कंपनीत समद्यांना बूट घालाय लावता म्हनं. आन् हितं अनवानी?"

"मामा, स्वयंपाकघर आहे हे. आई मारेल मला."

"व्हय, त्ये बी खरं."

मी विचारलं, "अण्णा, मेन खाली केलास?"

"आज वार कोणता?"

"वार नाही विचारला मी."

"आई, ऐकलंस का? इतिहास घेऊन बी.ए. झाली, आता मला वीज शिकवते." मग माझ्याकडे वळून, "माजघरातला बल्ब लावून ठेवलाय. लाईट आलीच तर तो सांगेल."

मेन बाहेर ओसरीवर होता. मी तिकडे निघालेही होते.

"राहू दे गं," आई म्हणाली. "मग लाईट आलेली कळायची कशी?"

मी थांबले.

अण्णा वायरी सोलून जोड देऊ लागला. आई तांदूळ निवडत होती.

जेवायची वेळ झाली असेल. गल्लीत पोरं ओरडली, "आली, आली!"

मी माजघरात पाहिलं. बल्ब लागला होता.

"बरं झालं," आई म्हणाली, "आज लवकर आली."

अण्णा काही बोलला नाही.

तो भिंतीशी तसाच उभा होता. हात वायरीवर. माणूस ओरडतो असं लोकांना वाटतं. तो ओरडला नाही.

महादूमामांनी ओसरीवर धाव घेतली आणि हातातल्या थापीनेच मेन खाली पाडला. अण्णा कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, आणि आईकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

लाईट आली कशी, हे नंतर पुष्कळांनी विचारलं. लाइनवरचं काम लवकर आटोपलं म्हणून आली. तिला यायला आपली परवानगी लागत नाही.

काही दिवसांनी महादूमामा दारात येऊन उभे राहिले. "ओटा अर्धा ऱ्हायलाय. तेवढा करून जातो."

मी म्हटलं, "मामा, राहू दे आता."

आई म्हणाली, "करू दे त्यांना."

तेराव्याचा स्वयंपाक तिने त्याच ओट्यावर केला. उभ्याने.

"राहू दे गं" हे आपले शब्द तिने पुढे कधी काढले नाहीत. मीही कधी काढले नाहीत. आता तीही नाही, म्हणून इथे लिहू शकले.

आज सकाळी आमच्या सोसायटीत लाईट गेली. वरच्या फ्लॅटमध्ये रिनोव्हेशन चालू आहे. नळाचं काम, टाइल्स, सगळीकडे पाणी. तिथला मालक जिन्यात मिस्त्रींना सांगत होता, "लाईट नाहीये तोवर किचनचे पॉइंट उरकून घ्या."

मी वर गेले. "मेन खाली केलाय?"

"काकू, लाईटच नाहीये ना. आली की कळेल."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. खाली पार्किंगमध्ये गेले आणि त्यांच्या मीटरचा मेन खाली ओढला. तो मागोमाग आला.

"काकू, असं कसं करता तुम्ही? विचारायचं तरी."

"काम झालं की तुमच्या मिस्त्रींना इथे पाठवा. त्यांनी स्वतः सांगितलं की मगच लावते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी इथेच आहे. वॉचमनला सांगा, एक खुर्ची दे म्हणावं."

हे त्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे.

मघाशी लाईट आली. पार्किंगचे सगळे दिवे लागले. वर दोघे मिस्त्री कशावरून तरी एकमेकांवर खेकसताहेत. इथपर्यंत ऐकू येतंय.

अण्णा, भावपूर्ण वगैरे मला जमत नाही.

नमस्कार.