दाजी आणि समुद्रापलीकडचं वारं

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही, पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची सगळ्यात जास्त काळजी वाहिली, असा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्काचा हा नवरा. सगळा गोतावळा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझे केस गेले, दात पडले, तरी मी पाव्हणाच आहे. एखाद्याला घरचा माणूस समजण्यातसुद्धा काही तरी धोका असतो, असं त्यांना वाटत असावं.

दाजी आमच्या घरी आले की आधी वर बघतात आणि मग बसतात. पंख्याच्या बरोबर खाली ते कधीही बसायचे नाहीत. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, हा गृहस्थ कोपऱ्यात स्टुलावर घाम पुसत बसणार आणि पंख्याखाली बसलेल्या माझ्याकडे दयेनं बघणार. घराला कुलपं तीन. प्रत्येक कुलूप लावून ओढायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. त्यांच्याबरोबर आम्ही एकही सिनेमा पहिल्यापासून पाहिलेला नाही. दुधनीला एकदा लग्नाला गेलो होतो. पंगत बसली, शेंगापोळी वाढून झाली, आणि हे मांडवाचा खांब धरून हलवतायत. मांडववाला धावत आला. "हलतंय की ओ हे," दाजी म्हणाले. मांडववाला म्हणाला, "तुमी हलवाय लागलाव म्हणून हलाय लागलंय. सोडा की." दाजींनी खांब सोडला, पण ताट उचलून बाहेर लिंबाखाली नेलं आणि तिथं उभ्यानं जेवले. आम्हालाही बोलवत होते. अक्का डोक्यावरचा पदर पुढं ओढून, जणू हा माणूस आपला कोणीच नाही, अशी खाली मान घालून जेवत होती.

हसू यायचं आणि रागही यायचा. पण खोटं कशाला बोलू, या माणसाच्या भित्रेपणाला माया होती. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी दाजीच बसून होते. सलाईनचा प्रत्येक थेंब त्यांनी नजरेखालून सोडला. बाटली संपायच्या कितीतरी आधी ते नर्सला बोलवायला जायचे, इतक्या वेळा की शेवटी ती बिचारी त्यांना लांबून बघूनच "नाही संपली हो काका" म्हणायची. माझी मुलगी शाळेतून यायला जरा उशीर झाला की हे छत्री घेऊन निघालेच, मग आभाळात ढगाचा ठिपका नसेना का. दाजींना स्वतःच्या जिवाची भीती फारशी नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना भीती होती ती आमच्या सगळ्यांच्या जिवाची. आणि त्यामुळेच तर त्यांच्याशी भांडता येत नसे.

हे कुठून आलं तेही सांगतो. दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तरुण असताना एका पावसाळ्यात त्यांनी एक गाडी स्टँडवर अडवून धरली. ड्रायव्हर वैतागला, प्रवाशांनी शिव्या घातल्या, पण हे म्हणाले, सीना नदीच्या पुलाची खबर आल्याशिवाय गाडी सुटणार नाही. खबर आली, पुलावरून पाणी चाललं होतं. मग काय, शाल झाली, नारळ झाला, पेढे झाले, त्याच शिव्या घालणाऱ्या प्रवाशांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. माझं स्पष्ट मत आहे की त्या नारळानं घात केला. लोकांचे सत्कार काही तरी केल्याबद्दल होतात, यांचा थांबवल्याबद्दल झाला. त्यानंतर दाजींनी आयुष्यात जे जे सुटायला निघालं ते ते थांबवून ठेवलं.

त्यांची एकुलती एक मुलगी रेणू तेवढी हातून सुटली. शिकली, नोकरी धरली, नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडच्या एका बेटावर गेली. देशाचं नाव मी सांगत नाही. दाजींनी आमच्या जुळे सोलापूर भागात त्याची एवढी बदनामी करून ठेवली आहे की आणखी भर नको. वर्षभर उकाडा, नारळाची झाडं, आणि ठराविक महिन्यांत वादळं. रेणूला मुलगा झाला आणि तिनं आईवडिलांना बोलावलं. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. "आई, बाबा, तिथं दोघंच काय करताय? इकडं या," असं दर फोनला म्हणायची.

अक्का त्याच दिवशी तयार झाली. नातू तिनं फक्त फोनमध्ये पाहिला होता. त्याला आंघोळ घालताना दाखव, जेवताना दाखव, झोपलेला दाखव, असं तिचं चालायचं. एकदा माझ्यासमोर ती फोनच्या काचेवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्येचं डोकं कसं लागतंय हाताला, कळंना की." आणि दाजी पलीकडून म्हणाले, "जाऊ की. पण आदी तितलं वारं बघू."

ते वारं बघणं पुढची कितीतरी वर्षं चाललं. सकाळी चहाच्या आधी दाजी फोनवर त्या समुद्राचा नकाशा उघडायचे. त्यावर पांढरा भोवरा, म्हणजे वादळ, दिसला की अक्काला हाक मारून दाखवायचे. मग रेणूला प्रश्न. घर समुद्रापासून किती लांब? छपराला पत्रा हाय का स्लॅब? खिडकीला गज हाय का? पोलीस ठाणं चालत जाण्यासारखं हाय का? शेजारी कोण, रात पाळी करतोय का दिवस पाळी? कारण कधी तरी त्या शहरात कुणाचं घर फुटल्याची बातमी त्यांनी वाचली होती. रेणू बिचारी सगळ्याची उत्तरं द्यायची. जावयानं तर हद्द केली. सासूसासरे यावेत म्हणून त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. तरी दाजी म्हणाले, समुद्र जवळ हाय. तेव्हा त्यानं घर बदललं, टेकडीवर घेतलं. दाजींनी दोन दिवस विचार केला आणि मला येऊन सांगितलं, "पाव्हणं, उंचावर वारं जास्त असतंय."

त्या दिवशी मी चिडून बोललो. म्हटलं, "दाजी, अहो, परवा तुमच्या घराच्या कोपऱ्यावर, दिवसाढवळ्या, अक्काच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं ना मोटारसायकलवाल्यांनी? मग हे गाव सोडायचं का?" दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हय, नेलं. पण हितं ठाण्यात जाऊन मी आपल्या भाषेत रडलो. तितं कुणापुढं रडू?" अक्का तेवढ्यात चहा घेऊन आली. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत होती. "माझं काय गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली, "मला पोराला मांडीवर घ्यायचंय."

आणि मग ते वासरू. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आमच्याकडे वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य, गूळ, गाजर, बोरं असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं का, मुततं का, यावरून येत्या वर्षाचा पाऊस, भाव आणि संकटं सांगतात. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि भजी खायला जातात. दाजी मात्र त्या वासरावरून बेटावरचं हवामान काढायचे. एका वर्षी वासरू बिचकलं. दाजींनी माझा दंड धरला, "बगितलं? वादळ." पुढच्या वर्षी ते भरपूर मुतलं, सगळं मैदान खूश, पाऊसपाणी चांगलं म्हणून. दाजी पांढरे पडले. म्हणाले, "म्हणजे तितं पूर." त्याच्या पुढच्या वर्षी वासरू नुसतं उभं राहिलं, डोळे मिटून, अगदी शहाण्यासारखं. मी म्हटलं, आता तरी? तर म्हणाले, "वादळाआदी असंच गप असतंय सगळं." मी वैतागून म्हणालो, "अहो, ते सोलापूरचं वासरू आहे, सोलापूरचा पाऊस सांगतंय." दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. "देव काय सोलापूरपुरताच हाय का?"

दरवर्षी यात्रा झाली की अक्का शेंगाचटणी कुटायला घ्यायची. रेणूकडे न्यायची म्हणून. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, तांबडीलाल. पिशव्या भरायची, तोंडं मेणबत्तीवर चिकटवायची, बॅगेच्या तळाशी रचायची. मग दाजींना नकाशात भोवरा दिसायचा, जाणं बारगळायचं, आणि चटणी खवट व्हायच्या आत अक्का ती आम्हा नातेवाइकांत वाटून टाकायची. आमच्या घरात कितीतरी वर्षं चटणी विकत आणली गेली नाही. माझी बायको ती मला भाकरीवर वाढायची, स्वतः घ्यायची नाही. मलाही घास गोड लागायचा नाही, पण खायचो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गावाचं पाणी तुम्हाला ठाऊक असेलच, चार-पाच दिवसांनी नळाला येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी भर दुपारी आलं. वीज गेलेली, मोटार बंद. अक्का घागरी घेऊन गच्चीवरच्या टाकीत पाणी टाकायला चढउतार करत होती. दाजी खाली फोनवर होते. बेटाजवळच्या समुद्रात कसली तरी हालचाल दिसत होती आणि ते रेणूला झडपा लावून घ्यायला सांगत होते. रेणूनं विचारलं, "आई कुठंय?" दाजी म्हणाले, "वर हाय, पाणी टाकतीया." रेणू म्हणाली, "एवढ्या उन्हात?" आणि दाजी म्हणाले, "ऊन काय, रोजचंच हाय. तू झडपा बघ."

अक्का गच्चीवर टाकीच्या सावलीला पडलेली सापडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. बेटाजवळचा तो भोवरा तिकडेच कुठे तरी समुद्रात विरून गेला.

मी दाजींना दोष देणार होतो. अगदी तोंडावर, चार माणसांत. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण दहाव्याच्या दिवशी ते उन्हात उभे होते, उघड्या डोक्यानं, आणि कुणी सावलीत बोलावलं तरी येत नव्हते. मी नुसती जाऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. रेणू आली होती, एकटीच. दिवस झाले आणि गेली. जाताना बापाच्या पाया पडली. "या" म्हणाली नाही.

अलीकडे दाजी आमच्या घरी येतात ते वर न बघता बसतात. सरळ पंख्याखाली. ते बघून मला कसंसंच होतं. परवा आले, म्हणाले, "पाव्हणं, येक काम करा की. रेणूला सांगा, मी यायला तयार हाय. वारं असू दे, चोर असू दे. मला नातवाच्या डोक्यावरनं हात फिरवायचाय." तुम्हीच सांगा म्हटलं, तर म्हणाले, "मी फोन केला की ती नुसतं 'ठीक आहे बाबा' म्हणतीया आणि ठेवतीया."

ते गेल्यावर मी रेणूला फोन लावला. सगळं सांगितलं. मागे पोराचा आवाज येत होता. मग म्हणाली, "काका, बाबांचं बरोबरच होतं. इथं वादळं येतात. त्यांना न आणलेलंच बरं." तिचा आवाज चढला नाही, की भरून आला नाही. मला त्या मुलीचा राग आला, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी दाजी सकाळीच हजर. हातात पिशवी होती. अक्काच्या हातची शेवटची चटणी, बॅगेच्या तळाशी राहिलेली. "रेणूकडं न्यायची होती," म्हणाले, "पण खवट व्हायच्या आत तुमी खावा." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "बोलणं झालं. ती म्हणाली, एवढा वादळाचा मोसम जाऊ दे, मग बघू."

दाजींनी मान डोलावली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "शाणी हाय पोरगी. वारं बघूनच निघावं माणसानं."

मग ते उठले. मी फाटकापर्यंत गेलो. दाजी बाहेर पडले, फाटक लावलं, कडी ओढून पाहिली. कोपऱ्यापर्यंत गेले, थांबले, परत आले आणि मी आत उभा असतानाच त्यांनी ती कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.