चारशे मीटरच्या ट्रॅकवर नवरा-बायको

मंडळी, आज सकाळी दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत गणिताने मला न्याय दिला. सांगायलाच हवं!

माझा नवरा मंदार आणि मी रोज पार्कात उलट दिशांनी फेऱ्या मारतो. कारण त्याचंच: "तुझ्याबरोबर चाललं की माझा स्पीड कमी होतो."

दहावीतली आमची सई वेगाच्या गणितावर अडली होती. दोन गाड्या, एकदा समोरासमोर, एकदा एकाच दिशेने. "यार आई, डोक्यात घुसतच नाहीये!" म्हटलं, चलो, आज आम्हीच गाड्या होतो.

ट्रॅक चारशे मीटरचा. उलट दिशांनी निघालो आणि अडीच मिनिटांत भेटलो. म्हणजे दोघांच्या वेगांची बेरीज मिनिटाला एकशे साठ मीटर. मग एकाच दिशेने निघालो. एकाने दुसऱ्याला पूर्ण फेरीने मागे टाकायला वीस मिनिटं लागली, म्हणजे वेगांतला फरक मिनिटाला वीस मीटर. सईने दोन समीकरणं मांडली, त्यांची बेरीज केली आणि ओरडली, "एक जण नव्वद, दुसरा सत्तर!"

"नव्वद मी," मंदार घाम पुसत म्हणाला.

"अच्छा? पण बाबा, मागून येऊन गाठलं कोणी?"

गाठलं होतं मी. बाकावरच्या आंटीसुद्धा हसायला लागल्या.

आता मंदार म्हणतोय, उद्यापासून बरोबरच चालू. मी बिल्कुल तयार आहे हो, पण माझा स्पीड कमी होतो ना!

तुमच्या घरी नव्वद कोण? नवऱ्याला विचारू नका, मोजून सांगा.