सावत्र पोऱ्याचा सत्कार

एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणे मला भाग आहे. आफ्रिकेतल्या एका नामवंत फुटबॉल फॉरवर्डची सगळी कारकीर्द शहाद्यातून चालवली गेली, आणि ती माझ्या साडूंनी चालवली. साडू एसटीचे ड्रायव्हर. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावलेला नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर हा घानाचा पोरगा त्यांना पहिल्यांदा दिसला, आणि हातातला चहा गार झाला. "वळाना आधी हात दखाडस," ते मला कौतुकाने म्हणाले. खरं तर तो हात वर करून पास मागत होता. पण धडगावचा घाट वर्षानुवर्षं चढलेल्या माणसाला हात दाखवून वळणारा दुसरा कोणी भेटलाच नव्हता. त्या दिवसापासून तो त्यांचा मुलगाच, 'मन्हा पोऱ्या' झाला, आणि अक्का, म्हणजे साडूंची बायको, त्याला सावत्र पोऱ्या म्हणू लागली.

त्याने क्लब बदलला की साडूंच्या लेखी त्याची बदली होई. बेल्जियमहून फ्रान्सला गेला तेव्हा गल्लीत पेढे वाटले. फ्रान्सवाल्यांनी त्याला हंगामापुरता तुर्कस्तानला धाडला, ते झालं डेप्युटेशन, आणि त्यामागे नक्की कोण्या साहेबाचा हात. गोल हुकला की चूक मागून पास देणाऱ्याची. कंडक्टरनेच घंटी उशिरा दिली तर ड्रायव्हर काय करील? गुडघा दुखावला तेव्हा तर साडू थेट चिंचपाड्याला जाऊन दवाखान्याच्या रांगेत बसले. डॉक्टरांनी पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. साडू म्हणाले, फ्रान्सला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी पेपरातला फोटो निरखून विश्रांती सांगितली. पुढे तो खरोखरच बरेच दिवस खेळला नाही, तेव्हा आपला पोऱ्या डॉक्टरांचं ऐकतो, हे साडूंनी गावभर सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात तो निवृत्त झाला. शेवटच्या सामन्यात त्याला बाकावरच बसवून ठेवलं, मैदानावर पाऊल टाकू दिलं नाही. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांची एसटी घाटात बंद पडली होती. ते डेपोत पोचले तोवर हार सुकले होते, शाल घडीतच राहिली होती आणि माणसं घरी गेली होती. त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. पोऱ्याला मात्र निरोपाशिवाय जाऊ द्यायचं नाही, हा त्यांनी हट्टच धरला.

अंगणात खुर्ची मांडली. खुर्चीवर फ्रेम केलेला मोठा फोटो, फोटोला झेंडूचा हार, शेजारी शाल आणि नारळ. आणि आमंत्रण म्हणून ज्याला त्याला सांगितलं, "मन्हा पोऱ्या गया." व्हायचं तेच झालं. गल्ली डोक्यावर टॉवेल घेऊन, माना खाली घालून आली. शेजारच्या म्हाताऱ्या जिजीने हार घातलेला फोटो पाहताच हंबरडा फोडला, मग मध्येच थांबून कसा गेला म्हणून विचारलं. गुडघा, साडू म्हणाले.

"गुडघा गया म्हणीसन माणूस मरस का?" जिजी भडकली.

उलगडा झाल्यावर माणसं हसून हसून भिंतीला टेकली. साडू हसले नाहीत. त्यांनी दोन वाक्यांचं भाषण केलं, नारळ फोटोपुढे ठेवला, शाल उलगडली, आणि उलगडलेली शाल धरून नुसतेच उभे राहिले. फोटो नुसता चेहऱ्याचा होता. हसणं हळूहळू विरलं. तेवढ्यात दारात चहाची किटली घेऊन उभी असलेली अक्का बोलून गेली, "त्याले खांदा नहीत. तुम्हीच पांघरी ल्या ती. तुम्हनी बी राही जायेल शे."