दातांचा व, ओठांचा व

त्या शाळेत शिक्षकांना ‘मिस’ किंवा ‘मिस्टर’ लावून आडनावानं हाक मारायची पद्धत होती. आम्हा मदतनीसांना नुसत्या नावानं. पहिली-दुसरीतलं पोर कोटाची चेन लावून घ्यायला माझ्यासमोर उभं राहायचं आणि शेजारच्या पोरीला मारावी तशी मला हाक मारायचं. पुण्यात मी लग्नाआधीपासून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. तिथे पालक माझ्या वर्गाच्या दाराशी थांबून, विचारून आत यायचे. इथे माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आडनाव नव्हतंच.

नवऱ्याची बदली टोकियोत झाली आणि आम्ही तिथल्या एदोगावा भागात भाड्यानं राहायला आलो. भारतीय शाळा घरापासून सायकलच्या अंतरावर होती. पण मुलीच्या शाळेचा खर्च कंपनी उचलणार होती, तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला, ब्रिटिश शाळेत घाला. पुढे कुठेही बदली झाली तरी अडचण येत नाही म्हणे. आम्ही घातलं. ब्लेझर, टाय, शुक्रवारी जेवणात मासे आणि बटाटे, सकाळच्या सभेत उभं राहून म्हणायचं गाणं, सगळं इंग्लंडसारखं. खरे इंग्लंडचे लोक मात्र शिक्षकांच्या खोलीतच जास्त होते. मुलं जर्मन, ब्राझिलियन, कोरियन, आमच्यासारखी भारतीय, आणि काही जपानी, ज्यांच्या आईवडिलांना ती जपानी वाटू नयेत असं वाटत होतं. खिडकीतून बाहेर पाहिलं की पिवळ्या टोप्या घातलेली आसपासची जपानी मुलं एकटीच चालत शाळेला जाताना दिसायची. आमची मुलं बसमधून उतरायची आणि त्यांचे कोट काढायला आम्ही उभ्या असायचो.

मी अर्ज केला होता शिक्षिकेच्या जागेसाठी. मिळाली मदतनीसाची जागा. “सुरुवात तर करा,” असं हेड हसून म्हणाले होते. शाळेचे मुख्याध्यापक, पण त्यांना सगळे हेडच म्हणायचे. उंच, हसरा माणूस. प्रत्येक मुलाचं नाव त्यांना पाठ होतं, आणि त्याच्या कुत्र्याचंही.

आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक मराठी कुटुंब राहायचं. ती मूळची नाशिकची, माझ्याहून बरीच लहान, घरून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. मला ताई म्हणायची. मिठापासून मिक्सरपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण होती. भूकंपाचा धक्का बसला की आम्ही दोघी आधी एकमेकींना फोन करायचो, नवऱ्यांना नंतर. तिचा मुलगा मी ज्या वर्गात मदतनीस होते त्याच वर्गात होता, आणि मी तिथे असण्याचा तिला फार आधार वाटायचा. “आपलं माणूस आहे वर्गात, मग मला कसली काळजी,” असं ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायची.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गाच्या बाई परत आल्याच नाहीत. इंग्लंडात त्यांचे वडील आजारी पडले आणि त्यांनी नोकरी सोडल्याचं कळवलं. हेडनी मला बोलावलं. “दुसरं कोणी मिळेपर्यंत तुम्हीच वर्ग सांभाळा. मुलं तुम्हाला ओळखतात.” दुसऱ्या दिवशी दारावर माझ्या आडनावाची पाटी लागली, पुढे मिस. मुलांनी एका दिवसात हाक बदलली. मोठ्या माणसांना जरा वेळ लागला.

ते दिवस चांगले होते. मी मुलांना घेऊन पलीकडच्या बागेत गेले, ओकची फळं वेचून आणली आणि वजाबाकी त्यांवर शिकवली. वर्गात एक मुलगी होती, आई कोरियन, बाप फ्रेंच. शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात अवाक्षर बोलली नव्हती. आधीच्या बाई तिला सर्वांसमोर उभी करायच्या. मी तिला काही विचारणंच बंद केलं. रोज माझ्या शेजारी बसवायचे आणि पुस्तक वाचताना एखाद्या शब्दापाशी अडल्यासारखं करायचे. नोव्हेंबर संपता संपता एका दुपारी मी ‘बेडूक’ या शब्दापाशी थांबले आणि ती वैतागून म्हणाली, “फ्रॉग!” मग तिनं पुस्तक माझ्या हातातून ओढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझ्यासमोर इतकी खाली वाकली की मीच अवघडले.

नाताळच्या सुट्टीआधी हेडनी पुन्हा बोलावलं. जानेवारीपासून नवे शिक्षक येताहेत, म्हणाले.

“माझ्या शिकवण्यात काही कमी पडलं का?”

“छे, छे! पालक तुमच्यावर खूश आहेत. फक्त एक-दोघांना थोडी काळजी वाटते. मुलांच्या कानावर कसं इंग्रजी पडतं याची.” ते इतक्या मऊपणे बोलत होते की आपल्याला काय सांगितलं जातंय हे मला खोलीबाहेर आल्यावर समजलं. “तुम्ही त्याला वर्ग दाखवून द्या. तुमच्याइतकी ही मुलं कुणालाच माहीत नाहीत.”

नवा शिक्षक उत्तर इंग्लंडातला तरुण होता. आधी टोकियोत ऑफिसातल्या लोकांना संभाषण शिकवायचा. लहान मुलांना कधीच शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला हळूच विचारलं, “मुलं रडायला लागली तर नेमकं काय करतात?” माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या गावाकडच्या बोलीत तो ‘बस’ला ‘बुस’ म्हणायचा आणि ‘कप’ला ‘कुप’. मुलं माझ्याकडे बघायची, मी सांगायचे, ‘बस’, आणि मुलं बसच्या रांगेत उभी राहायची. त्याच्या उच्चाराबद्दल कुणाही पालकाला काळजी वाटल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

तक्रार कुणाची, हे मी विचारलं नव्हतं. मनात जर्मन पालक होते, एक ऑस्ट्रेलियन बाप होता. एका शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं चहाला बोलावलं. नवरा मुलाला घेऊन पोहायला गेला होता. तिनं चहा ओतला.

“ताई, एक सांगायचंय. मनात ठेवून मलाच त्रास होतोय.”

“बोल की.”

“हेडना आम्ही भेटलो होतो. आम्ही दोघं.”

मला क्षणभर कळलंच नाही. मुलाबद्दल काही असेल असं वाटलं.

“तो घरी येऊन वेस्ट म्हणायला लागला,” ती म्हणाली. “बनियनलाही वेस्ट आणि पश्चिमेलाही वेस्ट, अगदी एकसारखं. ह्याचे बाबा चिडले. एक दातांचा व, एक ओठांचा व, एवढंही तिथे शिकवत नाहीत का, म्हणाले.”

“मग मला सांगायचं होतंस. मी नीट केलं असतं.”

“तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही ताई आहात.”

“म्हणून हेडना सांगितलंस.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती मागे हटली नाही. “तुमचं इंग्लिश वाईट आहे असं नाही हो. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. पण आपलंच आहे ना! आपलंच ऐकवायचं असतं, तर इथली भारतीय शाळा काय वाईट होती? पुढच्या वर्षी आमचं लंडनचं घाटतंय. तिथे पोरं हसतील त्याला.”

अर्धा चहा टाकून मी उठायला हवं होतं. मी तो संपवला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला आणि “येते” म्हणून खाली आले. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तिला वाईट वाटलंय म्हणून तर तिनं सांगितलं. आणि आपणसुद्धा मुलीला त्याचसाठी तिथे घातलंय ना?” त्याच्याशी मी पुढचे काही दिवस कामापुरतंच बोलले. तो खरं बोलत होता आणि तेच मला सहन होत नव्हतं.

न्हाणीघराच्या आरशासमोर मी सराव करायला लागले. वरचे दात खालच्या ओठावर, वेस्ट. ओठ गोल, वेस्ट. आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं आणि माझ्या कानाला तो फरक अजून नीट ऐकू येत नव्हता. एकदा मुलगी दारात येऊन उभी राहिली. तेव्हा ती नऊ वर्षांची असेल. “आई, असं नाही,” म्हणाली आणि माझा ओठ तिनं बोटांनी धरून गोल केला. तिला तो प्रकार खेळ वाटत होता. मला जमेना तेव्हा ती धीरानं पुन्हा पुन्हा करून दाखवत राहिली, आणि एकदा जमल्यासारखं झालं तेव्हा म्हणाली, “गुड ट्राय!” कच्च्या मुलांना मी वर्गात नेमकं हेच म्हणायचे. ती निजायला गेल्यावर मी नळ सोडून रडले.

वसंतात शाळेत ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ असतो. आदल्या आठवड्यात हेडनी मला वाटेत गाठलं. “साडी नेसून याल ना? आणि तुमचे ते समोसे?” मी समोसे कधीच केले नव्हते. तरी केले. मुलगी सकाळी म्हणाली, “आई, तिथे माझ्याशी मराठीत बोलू नकोस हं.” मी हो म्हटलं.

मैदानात झेंडे लागले होते. मी टेबलामागे पैठणी नेसून उभी होते. हेड काही नव्या पालकांना घेऊन आले आणि माझ्या खांद्यामागे हात धरून म्हणाले, “या आमच्या सर्वांत उत्तम मदतनीसांपैकी एक.” पालकांनी साडीचं कौतुक केलं. एवढ्यात ती फ्रॉगवाली मुलगी लांबून पळत आली, मिस लावून, माझं आडनाव मोठ्यानं घेत. नवा शिक्षक तिच्या मागोमाग आला. तिच्या उंचीएवढा वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, “आता त्यांना नुसत्या नावानंच हाक मारायची, आठवतं ना?” तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि गप्प झाली. मी तिला समोसा दिला. तो तिनं घेतला नाही.

सोमवारी मी हेडना भेटले. “या शाळेत शिक्षिका व्हायला मला काय करावं लागेल?” सरळ विचारलं.

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. “तुम्ही जे करता ते इतकं छान करता,” म्हणाले. “ते बदलावं असं का वाटतं तुम्हाला?”

मी राजीनामा दिला. तेव्हाही ते म्हणाले, तुम्ही आमच्या कुटुंबातल्याच आहात. त्यांना तसं खरंच वाटत असणार. घरकाम करणाऱ्या बाईलाही आपण तसंच म्हणतो.

उन्हाळ्यानंतर मी घराजवळच्या भारतीय शाळेत लागले. मुलाखतीत तिथल्या प्रिन्सिपॉल बाई माझा अर्ज वाचून खुलल्या. “ब्रिटिश शाळेचा अनुभव! हे आम्ही पालकांना आवर्जून सांगू.” त्यांनी सांगितलंही. पहिल्याच पालकसभेत इचिकावाहून येणारी एक आई म्हणाली, “तुम्ही तिथल्या आहात म्हणून आम्ही मुलाला या तुकडीत मागून घेतलं.” तिथे मी बहुतेक वेळ मुलांना कोट घालून देत होते हे मी तिला सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचं लंडन फिसकटलं. ते कुटुंब पुण्याला परत गेलं. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण मला रडू आलं नाही आणि आणावंसंही वाटलं नाही.

मुलगी अजून त्याच शाळेत आहे. ती तिथे रमली आहे, मैत्रिणी तिथल्या आहेत, तिला काढायचं कशासाठी? पुण्याहून फोन आला की तिची आजी म्हणते, “कसं मडमेसारखं बोलते गं!” आणि ते बोलणं ऐकून मलाही बरं वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी स्टेशनवर उभ्या होतो. तिच्या वर्गातल्या दोन मुली भेटल्या. तिनं माझी ओळख करून दिली, इंग्रजीत, सहज. “ही माझी आई. पूर्वी आपल्या शाळेत मदत करायची.”

“शिकवायचे,” मी मराठीत म्हणाले.

ती माझ्याकडे वळली आणि मराठी टाळून जपानीत पुटपुटली, कुठलंही म्हण, एकच ना. गाडी आली. त्या मुलींनी तिला मी काय म्हणाले ते विचारलं असावं, कारण डब्यात शिरता शिरता तिनं खांदे उडवलेले मला दिसले. तिघी एका बाकावर बसल्या. मी दाराजवळ उभी राहिले.