रेघ विहिरीच्या वरून

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर मी उभ्या जन्मात एकदाच बोलले. आमच्या खान्देशात नवऱ्याच्या थोरल्या भावाला जेठ म्हणतात. जेठ समोर आले की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि ते जाईपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा. त्यांनीही रीत पाळायची. घरात पाऊल टाकण्याआधी बाहेरून खाकरायचं. मी मोकळ्या डोक्याने काम करत असले तर पुढे यायचं नाही, लांबूनच मागे फिरायचं. मान म्हणून हे सगळं ठीक होतं. पण त्या मानाचा फास करून त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला, ते मी विसरले नाही. विसरायचंही नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा वरचं वावर जेठांना गेलं आणि खालचं आम्हाला. दोन्ही एकाच उतारावर. त्यांच्या वावराच्या खालच्या कोपऱ्यात एक विहीर होती, ती होळीनंतर कोरडी पडायची. आमच्या वाट्याला विहीर नव्हती, पण मधोमध काळ्या मातीचा एक पट्टा होता. पाणी न देता, नुसत्या ओलीवर त्यात दादर यायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. वर्षभराची भाकरी त्या पट्ट्यातून निघायची. नवरा धरणगावला कापसाच्या जिनात कामाला होता, कापसाची पुंबडं छातीत जाऊन खोकायचा आणि सणासुदीला घरी यायचा. वावर मीच बघत होते. तो पट्टा गेला असता तर आम्हाला बिऱ्हाड उचलून धरणगावला जावं लागलं असतं आणि वावर आपसूक जेठांकडे आलं असतं. हे मला कळत होतं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांत सरकारची बांधबंदिस्तीची योजना गावात आली. पावसाने माती वाहून जाते, ती अडवायला उतारावर आडवे मातीचे बांध घालायचे. खर्चाचा काही वाटा सरकार सोसणार, उरलेला ज्यांच्या जमिनीला फायदा त्यांनी सोसायचा. ज्याच्याकडे पैसा नसेल त्याने अंगमेहनत द्यायची. माझ्याकडे अंगच होतं.

धुळ्याहून एक ओव्हरसिअर आला. तिथल्या देवपुरात राहणारा, पांढरी विजार, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा कंटाळा. त्याच्याबरोबर एक मुकादम होता, काळासावळा, थोडकं बोलणारा. ओव्हरसिअरने तीन पायांवरच्या दुर्बिणीतून बघायचं आणि हात हलवायचा, मुकादमाने तिथे खुंटी ठोकायची. संध्याकाळपर्यंत खुंट्यांची रांग लागली. ती जेठांच्या वावरातून, विहिरीच्या चांगली वरून जात होती. ओव्हरसिअरने आमच्या ओट्यावर कागद पसरून ती रेघ शाईने ओढली तेव्हा मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. कागद मी वाचला. माहेरी मी चौथीपर्यंत शिकले होते. सासरी ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

बांध म्हणजे जेठांची दहा-बारा हात रुंद पट्टी मातीखाली जाणार, शिवाय वरच्या बाजूला पाणी तुंबणार. त्यांना ते नको होतं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण तोंडावर आला होता. त्यांनी ओव्हरसिअरला जेवायला ठेवून घेतलं. माझ्या जेठाणीने खापरावरचे मांडे केले, आमरसाची गंजी भरली. त्या वासाने गल्ली भरून गेली होती. मुकादमाला मात्र बाहेर गोठ्याजवळ बसवून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. मी माझ्या दारातून बघत होते. तो चांगलं लक्षात ठेवून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटून खाली सरकवल्या. आता रांग विहिरीच्या खालून, माझ्या वावरातून, बरोबर काळ्या पट्ट्यावरून गेली. माझा पट्टा बांधाखाली जाणार होता. एवढ्यावरही भागलं नाही. नवी रेघ पातळीत नव्हती. सगळं पाणी एका टोकाला धावणार आणि तिथून जो सांडवा काढला होता तो उरलेला पट्टा खरवडून नाल्यात नेणार होता. उतारावरचं पाणी कसं चालतं हे कळायला दुर्बीण लागत नाही.

मग गावाला वावरात बोलावलं. नियमच होता, सगळ्यांसमोर विचारायचं. ओव्हरसिअरने विचारलं, कुणाची हरकत आहे का. जेठ माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. मुद्दाम तिथे येऊन उभे राहिले होते, आजही पैजेवर सांगते. मी पदर नाकापर्यंत ओढला. सगळं अंग ओरडत होतं आणि तोंड बंद होतं.

जेठांनी सावकाश घसा साफ केला आणि म्हणाले, "मना भाऊनी बाई काही बोलस नही. म्हंजे तिनी हरकत नही."

ओव्हरसिअरने तसं लिहून घेतलं. चार म्हातारी माणसं जमिनीकडे बघत राहिली. त्यांनाही पाणी कसं चालतं ते कळत होतं. पण जेठ गावातले मोठे, आणि मी एक पदर.

आखाजीला नवरा आला. मी सगळं सांगितलं. तो खोकला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, थोरल्या भावासमोर कसं बोलणार, जाऊ दे. त्याच्यावर मी रागावले नाही, त्याच्या छातीत राग धरायला जागाच नव्हती. सगळा राग माझ्याकडे उरला. तो मी जपून ठेवला.

आता मी काय केलं ते सांगते. खुंट्या उपटल्या त्याच सकाळी, जेठ आंघोळीला बसले होते तेव्हा, मी त्यांच्या वावरात शिरले होते. पहिल्या खुंट्यांची भोकं अजून उघडी होती. घरी एका मडक्यात फुटक्या बांगड्यांचे तुकडे साठवलेले होते, पोरी खेळतात म्हणून बायका ठेवतात तसे. प्रत्येक भोकात मी चार चार तुकडे टाकले आणि वर माती लोटली. कशासाठी, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. फक्त एवढं ठाऊक होतं की खरी रेघ कुठे होती याची खूण माझ्याकडे राहायला हवी.

आखाजीनंतर काम सुरू होणार होतं. ओव्हरसिअर दुसऱ्या गावी जाणार आणि आठ दिवसांनी येणार, तोवर सगळं मुकादमाच्या हातात. मी मुकादमाला गाठलं. त्याच्याशी बोलायला मला रीत आडवी येत नव्हती. त्याला म्हटलं, भाऊ, कागदावर रेघ विहिरीच्या वरून आहे. ओव्हरसिअरने जमिनीवरच्या खुंट्या हलवल्या, शाईची रेघ तशीच आहे, हरकत लिहून घेत होते तेव्हा मी पदराआडून बघितली. उद्या मोठा साहेब कागद घेऊन आला आणि बांध भलतीकडे दिसला तर कुणाला धरतील? ओव्हरसिअर तुमच्याकडेच बोट दाखवेल.

मग मी त्याला जेठांच्या वावरात नेलं आणि पायाने माती सरकवली. हिरवी काच चमकली. पुढच्या भोकात लाल. तो हसला. त्याला मी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

"पहिल्या खुट्या मीच ठोक्यात," तो म्हणाला. "रेघ आठेच शे, अक्का." म्हणजे इथेच आहे.

गोठ्याजवळची भाकरी त्याच्या पोटात अजून पचली नव्हती, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही वीस-बावीस बाया टोपल्या घेऊन जेठांच्या वावरात उतरलो. कासोटा मारला, पदर कमरेला खोचला, डोकी मोकळी. पुरुष खणत होते, आम्ही माती वाहत होतो. जेठ आले ते तरातरा आले, आणि मला बघून जागच्या जागी थबकले. भावाची बायको उघड्या डोक्याने माती वाहते आहे. पुढे येणार कसे? ते लिंबाखाली थांबले आणि खाकरले. रीतीप्रमाणे मी पदर घेऊन बाजूला व्हायला हवं होतं. मी घेतला नाही. मला ऐकूच आलं नाही. ते पुन्हा खाकरले. बाया एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. मी टोपली भरली, त्यांच्याकडे पाठ केली आणि बांधावर ओतली.

ते आठ दिवस मी आयुष्यात सर्वांत सुखी होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. जेठांनी सालदार गड्याला पाठवलं. मुकादम त्याला म्हणाला, कागदावर असंच आहे, कागद आणून दाखवा. त्यांनी जेठाणीला पाठवलं. ती आली, माझ्या कानाशी लागून म्हणाली की तू वावरातून घरी जा असा निरोप आहे, आणि मग हळूच विचारलं की पाणी आणू का प्यायला. ओव्हरसिअरकडे माणूस पळवला, तो त्या गावाहूनही पुढे गेलेला. आणि रोज सकाळी जेठ लिंबाखाली येऊन उभे राहायचे, खाकरायचे, त्यांच्याच जमिनीची माती टोपली टोपलीने उचलली जाताना बघायचे आणि परत जायचे. प्रत्येक टोपलीला मी मनात म्हणायचे, ही मांड्यांची, ही आमरसाची, ही चार पावलांवर उभं राहिल्याची. संध्याकाळी मान उचलत नव्हती, पण जीव निवायचा.

ओव्हरसिअर आला तोवर बांध छातीएवढा झाला होता. त्याने बांध बघितला, कागद बघितला, मुकादमाकडे बघितलं. जेठ तिथे उभे होते. काम कागदाप्रमाणे झालं होतं. ओव्हरसिअर काम चांगलं आहे म्हणाला आणि जेवायला न थांबता निघून गेला.

मला वाटलं होतं, झाला सूड पुरा. त्यांची पट्टी गेली, माझा पट्टा वाचला.

पण त्या पावसाळ्यानंतर एक गोष्ट झाली जी मी मनातही आणली नव्हती. बांधामागे पाणी तुंबलं, हळूहळू जमिनीत मुरलं आणि बांधाच्या खालच्या जेठांच्या विहिरीला लागलं. एरवी मार्गशीर्षातच अर्ध्यावर येणारी आणि होळीनंतर कोरडी पडणारी विहीर त्या मार्गशीर्षात काठोकाठ होती. त्यांनी मोट चालू केली, हरभरा आणि मिरची लावली. मी ज्यांच्या उरावर माती टाकली त्यांच्याच वावरात पाणी खळखळत होतं. माझी दादर चांगली आली होती, पण मला ती दिसेना. मला ती विहीरच दिसायची. मी डोक्यावर वाहिलेली माती त्यांची मिरची पिकवत होती. असा जळफळाट मला कधीच झाला नव्हता. दोन दिवस मी धड जेवले नाही.

मग मोठा साहेब पाहणीला आला. बांध चांगला झाला म्हणून चार गावांची माणसं बोलावली होती. जेठांनी नवा फेटा बांधला होता. साहेबासमोर त्यांनी सांगितलं की ही रेघ विहिरीच्या वरून घ्या, हे मीच सुचवलं. ओव्हरसिअर शेजारी उभा राहून मान डोलवत होता. साहेबाने जेठांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मुकादम लांब उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं.

साहेबाने कागद काढला आणि रीतीप्रमाणे विचारलं, कुणाची काही तक्रार, काही सांगायचं आहे का.

जेठ माझ्यापासून पुन्हा चार पावलांवर होते. मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि सगळ्या गावादेखत बोलले.

"साहेब, निम्मी माती मी टाकी. इहिरनं निम्मं पानी माले पाहिजे."

साहेबाला आमची बोली कळली नसावी, त्याने विचारलं आणि मुकादमाने त्याला समजावून सांगितलं, जरा जास्तच नीट. साहेबाने ऐकून घेतलं आणि जेठांकडे वळून विचारलं, तुमचं काय म्हणणं?

धाकट्या भावाच्या बायकोच्या शब्दाला चार गावांसमोर उत्तर देणं जेठांच्या जन्मात बसत नव्हतं. आणि नाही म्हणायचं तर ती माती कुणी टाकली, रेघ कुणी हलवली, हे सगळं निघणार होतं, आणि हार अजून गळ्यात होता. त्यांनी मान वळवून भिंतीकडे बघावं तसं बांधाकडे बघितलं. मी वाट बघत होते. ते खाकरलेही नाहीत.

"हे काही बोलत नाहीत," साहेब म्हणाला. "म्हणजे यांची हरकत नाही. लिहून घ्या."

ओव्हरसिअरने लिहून घेतलं. त्या कागदाला कायद्यात किती वजन होतं देव जाणे, पण चार गावांनी ऐकलं होतं आणि गावात तेवढं पुरतं. त्या हंगामापासून एक दिवस मोट त्यांची, एक दिवस माझी. नवऱ्याला मी धरणगावहून बोलावून घेतलं. त्याचा खोकला गेला नाही, पण तो आपल्या वावरात खोकला.

लोक मला म्हणतात, पुढे जेठ वारले तेव्हा तरी तुझं मन निवळलं असेल. नाही निवळलं. त्यांची आठवण येते ती एकाच रूपात. मोट माझी असेल त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर बसलेली असायचे, मोकळ्या डोक्याने. ते तांब्या घेऊन त्यांच्याच विहिरीकडे यायचे, लांब थांबायचे आणि खाकरायचे. मी बसून राहायचे.