डाव्या हातातली इस्त्री

गणवेश शिवण्याच्या कारखान्यात तिला सगळे इस्त्रीकाकू म्हणत. चाळिशी ओलांडलेली, तीन बाळंतपणं झालेली, अंगाने भरलेली बाई. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन हळूहळू उतरवायला सांगितलं. पण काकूंना धीर कुठला? त्या दिवसातून एकदाच जेवू लागल्या. बघता बघता कपडे अंगावर लोंबायला लागले. बायका कौतुक करत आणि काकू हरभऱ्याच्या झाडावर चढत.

मग जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. पाठीतून ती थेट उजव्या खांद्यात जाई. दिवसभर उजव्या हाताने जड इस्त्री फिरवणाऱ्या बाईने दुसरं काय समजावं? त्यांनी इस्त्री डाव्या हातात घेतली. खांदा दुखायचा राहिला नाहीच, वर कॉलरींवर चुण्या पडू लागल्या.

"काकू, हे इस्त्री केलेलं की उशीखालून काढलेलं?" सुपरवायझर म्हणाला. "बरं नसेल तर रजा घ्या. टेबलावर दुसरी उभी करतो."

भीती नेमकी तीच होती. शर्टांना काजं करणारी बाई आजारपणानंतर परत आली ती धागे कापायच्या हलक्या कामावरच. तेव्हापासून काकू दुखणं दातांखाली दाबून उभ्या राहत.

रविवारी थोरली बहीण आली.

"काम केल्यावर दुखतं की जेवल्यावर?"

काकूंनी आठवून पाहिलं. "जेवल्यावर."

"आईचं विसरलीस? पित्ताशयात खडे. माझेही काढले."

"मला कुठले खडे? मी धड खातसुद्धा नाही."

"अगं, उपाशी राहून वजन झरझर उतरवलं तरी होतात. मला दवाखान्यात पहिलं तेच विचारलं होतं."

तरीही काकूंनी हातातली ऑर्डर संपू दे म्हणून दिवस ढकलले. शेवटी थंडी वाजून ताप भरला, पाणीही पोटात ठरेना. बहिणीने दवाखान्यात नेलं. तपासणीत दिसलं, खडा वाटेत अडकून पित्ताशय सुजलं होतं. साखरेमुळे धोका वाढलेला, आजच भरती होऊन ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं.

"वय, बाळंतपणं, आईकडून आलेलं, हे तुमच्या हातात नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवण तेवढं होतं."

"माझं टेबल जाईल हो."

"जाऊ दे टेबल," बहीण म्हणाली. "तू राहा म्हणजे झालं."

काकूंनी स्वतःच सुपरवायझरला फोन लावला. ऑपरेशनचं सांगितलं, परत आल्यावर जागा मिळेल का, असं विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

त्याच्या 'बघू'चा अर्थ काकूंना पक्का ठाऊक होता. त्यांनी फोन बहिणीकडे दिला आणि चाकाच्या खुर्चीत बसल्या.