रिकामा कोनाडा

स्वयंपाकघराच्या भिंतीत आम्ही देवांसाठी कोनाडा करून घेत होतो. गवंडी सलीमभाई त्याची कमान थापीने घोटत बसले होते.

"काकू, आमच्या मशिदीतही असाच कोनाडा असतो," ते माझ्या आईला म्हणाले. "पण रिकामा. नमाजाला तोंड कुठे करायचं, तेवढं तो सांगतो. अल्ला काय त्यात मावणार?"

आई जरा फणकाऱ्यानेच म्हणाली, "आमचा तरी कुठे मावतो? म्हणून तर गणपतीला प्राणप्रतिष्ठा करून बोलावतो आणि दीड दिवसाने पोचवून येतो."

मला आठवलं, विसर्जनाहून परतल्यावर रिकाम्या मखरापुढे दिवा लावते ती आईच. मूर्ती नसते, तरी तिचे हात जुळतात. एकाने मोकळी ठेवलेली जागा आणि दुसऱ्याने भरून पुन्हा मोकळी केलेली जागा. फरक आहेच, पण तो या भिंतीएवढा जाड नसावा.

गिलावा अजून ओला होता, देव दोन दिवसांनी बसणार होते. तरी तिन्हीसांजेला आईने त्या रिकाम्या कोनाड्यात निरांजन ठेवलं. ती हात जोडून उभी होती, तेवढा वेळ सलीमभाईंनी थापी वाजू दिली नाही.